फ्रिजखालचा कौल

आई कुणाकडे राहणार, हा प्रश्न आई जिवंत असताना कधी निघालाच नव्हता. तो निघाला ती गेल्यावर तीन वर्षांनी, वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सणाला, दुपारी दीड वाजता, आणि तोसुद्धा डुकराच्या मांसावरून.

सरकार वसाहत पाडणार होतं. सातव्या मजल्यावरची निम्मी दारं पत्रे ठोकून बंद झाली होती. बाबांचं सगळं घर एकोणीस खोक्यांत भरून एकावर एक रचलं होतं, त्यामुळे स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत यायचं तर खेकड्यासारखं आडवं चालावं लागत होतं. गुरुवारी बाबा वृद्धाश्रमात जाणार होते. तिथल्या नियमांचा कागद फ्रिजच्या दारावर चिकटवलेला होता. नियम अकरावा: खोलीत उदबत्ती, मेणबत्ती, मांजर व तळण यांस मनाई आहे.

बाबांनी तो नियम वाचून एवढंच म्हटलं होतं, "म्हणजे तुमच्या आईला मनाई."

कारण आई आता लाल फडताळात राहत होती. भिंतीवरचं दोन हात उंचीचं फडताळ, त्यात मोक घराण्याच्या पूर्वजांची पाटी, पुढे आईचा फोटो, राखेने भरलेली वाटी आणि विजेचे दोन लाल दिवे. त्यातला डावा गेल्या वर्षापासून लुकलुकत होता. बाबा म्हणायचे, ती डोळा मारते. रोज सकाळी ते तिला उदबत्ती लावायचे आणि आदल्या दिवशीच्या बातम्या सांगायचे. फडताळ तिघा भावंडांपैकी एकाने घरी न्यायला हवं होतं. आणि या शहरात घरं अशी, की नवी छत्री घ्यायची तरी आधी कुणाला बाहेर काढायचं ते ठरवावं लागतं.

मग बाबांनी दोन आठवड्यांपूर्वी जाहीर केलं, की सणाच्या दिवशी मुलांनी एकेक करून आईचं कूलूयुक करायचं. म्हणजे मांसाचे तुकडे दोनदा तळून अननस, ढोबळी मिरची आणि आंबट-गोड रसात मोठ्या आचेवर परतायचे. ते आईपुढे ठेवायचं आणि कौल लावायचा. ज्याच्या हातचं ती पसंत करील त्याच्याकडे ती जाईल.

बाबांनी बत्तीस वर्षं हॉटेलात हाच पदार्थ केला होता, त्यामुळे त्यांना ही जगातली सर्वांत न्याय्य पद्धत वाटत होती. त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली नव्हती, ती म्हणजे दोन्ही मुलगे हरण्यासाठी जिवाचं रान करणार होते.

धाकट्या मुलीला, पुई-सानला, हे माहीत होतं. तिला ते मधल्या भावाने, होक-लुनने, फोनवर सांगितलं होतं. होक-लुन मिनीबस चालवायचा आणि त्याच्या पोटात कोणतीही गोष्ट दोन थांब्यांपलीकडे टिकत नसे.

"दादाचं आणि माझं ठरलंय," तो म्हणाला होता. "दोघांनी वाईट करायचं. मग आई कुणालाच पसंत करणार नाही, आणि तिला मंदिराच्या सभागृहात ठेवता येईल. दादाने जागा बघून ठेवलीय. सातवी रांग, क्रमांक चारशे बारा. कॅमेरा आहे म्हणे, मोबाइलवर दिसते."

"आई लॉकरमध्ये?"

"लॉकर नाही गं. काच आहे पुढे."

पुई-सान एकेचाळीस वर्षांची होती आणि चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. तिचं घर एवढं होतं, की कपाट उघडायचं तर पलंग मिटावा लागे. तरी त्या फोननंतर तिने मायक्रोवेव्ह शेजारणीला देऊन टाकला आणि रिकाम्या जागेचं तीनदा माप घेतलं. फडताळ बसत होतं. अडचण एकच होती. फडताळाचं तोंड संडासाकडे असू नये असा नियम आहे, आणि तिच्या घरात प्रत्येक गोष्टीचं तोंड संडासाकडेच होतं. तिने मध्ये पडदा लावला. दुसरी अडचण अशी, की तिला कुणी विचारलंच नव्हतं.

पहिली पाळी थोरल्याची, होक-मिंगची. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, सडपातळ आणि गंभीर होता, आणि मोठा मुलगा असल्याचं ओझं पाठीवर गॅसच्या टाकीसारखं बाळगून होता. त्याची बायको सिन-यी चार वर्षांपूर्वी ख्रिस्ती झाली होती. त्यांच्या भिंतीवर आता क्रूस होता, आणि क्रूसाशेजारी लाल दिवे लावले तर ती जागा चर्चही दिसणार नाही आणि घरही, असं तिचं म्हणणं होतं. सासऱ्यापुढे हे बोलायची तिची छाती नव्हती. त्यामुळे तिने नवऱ्याला फक्त पाककृती लिहून दिली होती.

त्या पाककृतीत टोमॅटो सॉसची अख्खी बाटली होती.

"एवढा?" बाबांनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं. ते बसायला तयार नव्हते. खोके आणि चूल यांच्यामध्ये जी वीतभर जागा होती, तिथे ते सकाळपासून मागे-पुढे करत होते.

"रंग येतो, बाबा," होक-मिंग म्हणाला.

"रंग भिंतीला देतात. आणि मांस कुठलं घेतलंस?"

"पाठीचं. बिनचरबीचं. तब्येतीला चांगलं."

"तुझी आई मेलेली आहे," बाबा म्हणाले. "तिच्या तब्येतीची काळजी तू आता करतोयस."

होक-मिंगने तेल पुरेसं तापू न देताच तुकडे सोडले. तुकडे तेलात पोहायला आल्यासारखे निवांत पडून राहिले. मग त्याने सॉसची बाटली कढईत उपडी केली, तिचा फवारा वर उडाला आणि त्याच्या चष्म्याच्या दोन्ही काचा लाल झाल्या. त्याने चष्मा काढला, पुसायला काही सापडेना, तसाच हातात धरून तो बशी घेऊन फडताळापुढे गेला.

बशी ठेवली. उदबत्ती लावली. बाबांनी कौलाचे ठोकळे दिले. चंद्रकोरीसारखे दोन लाल लाकडी ठोकळे, एक बाजू सपाट, एक गोल. टाकल्यावर एक सपाट नि एक गोल वर आला तर होकार. दोन्ही गोल वर तर नकार. दोन्ही सपाट वर आले तर आई हसतेय, पुन्हा विचारा. प्रत्येकाला तीन संधी.

होक-मिंगने गुडघे टेकले. "आई, हे मी केलंय. आवडलं का?"

दोन्ही सपाट.

"हसतेय," बाबा म्हणाले.

पुन्हा टाकले. पुन्हा दोन्ही सपाट. तिसऱ्यांदाही तेच.

डावा दिवा लुकलुकला.

"तीनदा हसली," बाबा म्हणाले. "होकार नाही, नकारही नाही. लुन नापास झाला तर आई मोठ्याकडे जाईल. मोठा तो मोठा."

सिन-यीचा चेहरा तिच्या नवऱ्याने केलेल्या रसाच्या अगदी उलट रंगाचा झाला. तिने दिराकडे पाहिलं. त्या नजरेत बायबलमधलं काही नव्हतं.

होक-लुनची पाळी लवकर आटोपली. त्याने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. आतून कढईवर झारा आपटल्याचे आवाज आले, पण तेलाचा चर्रर्र काही आला नाही, आणि चार मिनिटांत तो बशी घेऊन बाहेर आला. बाबांनी नाक पुढे केलं.

"हे खालच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलातलं आहे."

"कशावरून?"

"त्याच्यात मी शिकवलेल्या पोराची चूक आहे. तो अननस आधी टाकतो. वीस वर्षं सांगतोय त्याला."

कौल लावला. दोन्ही गोल वर. नकार. पुन्हा नकार. तिसऱ्यांदा नकार. होक-लुन दुःखी चेहरा करायचा प्रयत्न करत होता, पण पाच-सहा वेळा ओठ खाली ओढूनही ते वरच जात होते.

"दादा, मी खूप प्रयत्न केला," तो म्हणाला.

"माहितीय तू काय केलंस," होक-मिंग म्हणाला. "आपलं दोघांचं काय ठरलं होतं?"

"मी ठरल्याप्रमाणेच केलं. तुझ्यावर आई हसली, त्याला मी काय करू?"

"काय ठरलं होतं?" बाबांनी विचारलं.

इतका वेळ पदराआड ठेवावी तशी जपलेली गोष्ट सिन-यीने मग स्वतःच बाहेर काढली. मंदिराचं सभागृह, सातवी रांग, चारशे बारा. स्वच्छ आहे. एसी आहे. सकाळ-संध्याकाळ मंत्र लावतात. मोबाइलवर दिसतं. ती बोलता बोलता हळूहळू मागे सरकत गेली आणि 'भांडी, नाजूक' असं लिहिलेल्या खोक्याला टेकून थांबली.

बाबांनी फ्रिजवरचा नियमांचा कागद सरळ केला. तो सरळच होता.

"मी करते," पुई-सान म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं. खुर्चीने बोलावं तसं.

"तू मुलगी आहेस," बाबा म्हणाले. "मुलगी दुसऱ्या घरची."

"कुठल्या दुसऱ्या घरची, बाबा? माझं लग्न झालेलं नाही."

"होईल."

"एकेचाळीस वर्षांची आहे मी."

"वरच्या मजल्यावरच्या त्या बाईंचं अठ्ठावन्नाव्या वर्षी झालं."

"मग अजून सतरा वर्षं आईला ठेवता येईल. पुढचं पुढे बघू."

"बरोबर आहे तिचं," सिन-यी पटकन म्हणाली. गेली अकरा वर्षं तिने नणंदेची एकही गोष्ट बरोबर ठरवली नव्हती. "बाबा, करू द्या ना तिला. आवडतीच होती ती आईंची."

पुई-सानने पिशवीतून मांस काढलं. मानेजवळचं, चरबीच्या रेषा असलेलं. बाबांनी ते दुरून पाहिलं आणि नजर खिडकीकडे वळवली. तिने सुऱ्याच्या पाठीने मांस ठोकलं, अंगठ्याएवढे तुकडे केले, मीठ, वाइन, अंडं लावून बाजूला ठेवले. रस ती घरूनच करून आली होती. भाताचं पांढरं व्हिनेगर, गुळाच्या वडीसारखी तपकिरी साखर, खारवलेली आलुबुखारं आणि टोमॅटो सॉस फक्त दोन चमचे. गेले सहा दिवस ती रोज कामावरून येऊन हेच करत होती. पहिल्या दिवशीचं तिच्या शेजारणीने खाल्लं आणि मायक्रोवेव्ह परत देऊ का असं विचारलं. सहाव्या दिवशीचं खाऊन ती काहीच बोलली नाही, फक्त बशी धुऊन आणून दिली.

"मी मध्ये पडणार नाही," बाबा दारातून म्हणाले.

"बरं."

"कोरडं पीठ लावल्यावर झटक. नाहीतर तेलात गाळ होतो. मी सांगत नाहीये. तुकडे एकदम सोडू नकोस, चिकटतील. आता काढ. आता थांब. तेल अजून तापव, दुसरं तळण मोठ्या आचेवर. मी काही बोलत नाहीये."

दुसऱ्यांदा तळलेले तुकडे झाऱ्यावर एकमेकांवर आपटले तेव्हा खडखडले. बाबांचं मागे-पुढे करणं थांबलं. तिने तेल ओतून टाकलं, मिरची परतली, रस घातला, तो उकळून जाड झाल्यावर मांस आणि सर्वांत शेवटी अननस टाकला. चार वेळा कढई उडवली. दोनदा नेम बरोबर होता.

बशीत एक थेंब रस सांडला नाही. सगळा तुकड्यांना धरून होता.

बाबांनी बशीकडे खूप वेळ पाहिलं. "सात मिनिटं राहतं कुरकुरीत," ते म्हणाले. "चल, लवकर."

पुई-सानने बशी फडताळात ठेवली आणि गुडघे टेकले. आतापर्यंत ती घाबरली नव्हती. आता तिच्या हातात ठोकळे ओले झाले.

"आई, मी आणलंय. माझ्याकडे येशील?"

दोन्ही गोल.

"नकार," होक-लुनने हळूच म्हटलं.

"मला दिसतंय, भाऊ."

पुन्हा टाकले. दोन्ही गोल.

"थांब," बाबा म्हणाले. त्यांनी वाकून बशीतला एक तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. आईच्या पुढ्यातलं असं कधी कुणी उचलत नाही. ते चावत राहिले. खोलीभर कुरकुर ऐकू आली. "यात काही चूक नाही. मी नाही म्हणालो नसतो."

"तुम्हाला विचारलेलं नाही, बाबा," होक-मिंग म्हणाला. आणि मग, गेल्या दोन आठवड्यांत फडताळ आपल्या गळ्यात पडू नये म्हणून झटलेला हा माणूस एकदम ताठ झाला. "आणि बरंच झालं. दोन मुलगे जिवंत असताना पूर्वज मुलीच्या घरी गेले, तर काकांकडचे लोक काय म्हणतील? मी काय मेलो होतो?"

"काकांकडच्या लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे," सिन-यी म्हणाली. "फारच बोलले तर फडताळ त्यांच्याकडे पाठवू."

"तू मध्ये बोलू नकोस. तुझ्यामुळे तर एक बाटली सॉस."

"ओतला कुणी?"

"दादा, तुला नकोय पण दुसऱ्यालाही द्यायचं नाही, असं कसं?" होक-लुन म्हणाला. "मिनीबसमध्ये असे लोक असतात. उतरतही नाहीत, बसतही नाहीत. दारात उभे."

"तू हॉटेलातून आणलंस."

"तुझ्यापेक्षा चांगलं होतं."

भांडण फार लांबलं. त्यात आईच्या शेवटच्या दिवसांत दवाखान्यात कोण किती वेळा गेलं हे आलं, होक-लुनचा मोडलेला संसार आला, पुई-सानने बावीस वर्षांपूर्वी नाकारलेला एक दंतवैद्य आला. बाबा पुन्हा मागे-पुढे करू लागले. पुई-सान तशीच गुडघ्यांवर बसून होती. एकच संधी राहिली होती. ती चुकली की आई दादाकडे, म्हणजे चारशे बारा. काच आहे पुढे.

ती बशीकडे बघत राहिली. तुकड्यांवरची चकाकी गेली होती. पीठ रस पिऊन सैल पडलं होतं, मिरची कोमेजली होती. आता हे कुणी खाणार नाही, असं तिला वाटलं. आणि लगेच वाटलं, की हे मी कुठेतरी पाहिलंय.

याच खोलीत पाहिलं होतं. सणाच्या दिवशी बाबांना दोन पाळ्यांच्या मधे अडीच तासांची सुट्टी मिळायची, म्हणून मोकांच्या घरी सणाचं जेवण दुपारीच असे. आई कढईपाशी. बाबा, दादा, भाऊ आणि ती टेबलाशी. जेवणाआधी धाकट्याने प्रत्येक मोठ्याला हाक मारून जेवायला सांगायचं, आणि सर्वांत धाकटी ती, त्यामुळे तिची यादी सर्वांत लांब. बाबा, जेवा. आई, जेव. दादा, जेव. भाऊ, जेव. स्वयंपाकघरातून आईचं उत्तर ठरलेलं, "जेवा तुम्ही, मी आलेच." मग दुसरा घाणा यायचा, मग भाजी, मग सूप. बाबा घड्याळ बघत जेवून कामावर पळायचे, मुलं उठायची, आणि आई येऊन बसायची तेव्हा बशीत चार तुकडे उरलेले असायचे. असेच. अगदी असेच.

"बाबा," ती म्हणाली. "आईला कूलूयुक खाताना तुम्ही कधी पाहिलंय?"

"म्हणजे काय? दर वर्षी—" बाबा म्हणाले आणि थांबले. "मी तीनला निघायचो."

"तिने कुरकुरीत कधी खाल्लंच नाही. एकदाही नाही. तिला वाटलं असेल, ही दुसऱ्या कुणाची बशी आहे. म्हणून नाही म्हणतेय."

भांडण मधल्यामध्ये थांबलं, दंतवैद्य हवेत लटकत राहिला.

"बसा सगळे," पुई-सान म्हणाली.

"कुठे?"

"जेवायला. ती आपल्याआधी जेवणार नाही."

बसायला खुर्च्या नव्हत्या, त्या बांधल्या होत्या. माणसं खोक्यांवर बसली. पुई-सानने बशी फडताळातून काढून मध्ये ठेवली, प्रत्येकाच्या वाडग्यात भात वाढला, आणि यादी म्हटली. "बाबा, जेवा. दादा, जेव. वहिनी, जेवा. भाऊ, जेव." मग फडताळाकडे वळून, "आई, जेव."

उत्तर आलं नाही. पण सगळे क्षणभर थांबले, ते येईल एवढा वेळ.

मग ते जेवले. मऊ पडलेलं, कोमट मांस. कुणी नावं ठेवली नाहीत. सिन-यीने आधी डोळे मिटून स्वतःची प्रार्थना केली आणि मग सर्वांत जास्त खाल्लं. बाबा शेवटचा घास घेऊन नकळत घड्याळाकडे बघून उठले, आणि कुठेच जायचं नाही हे लक्षात आल्यावर पुन्हा बसले. बशीत चार तुकडे ठेवून पुई-सानने ती आईपुढे ठेवली.

"आई, सगळे जेवले. आता तू ये. माझ्याकडे येशील का?"

तिने ठोकळे टाकले.

एक समोरच पडला. सपाट बाजू वर. दुसरा एका खोक्याच्या कोपऱ्यावर आपटला, उडाला, आडव्या बोळकांडीतून घरंगळत स्वयंपाकघरात गेला आणि फ्रिजखाली शिरला.

काही वेळ सगळे फ्रिजकडे बघत राहिले. फ्रिज गुरगुरला.

"नकार तर नाही," होक-लुनने हिशेब मांडला. "एक सपाट आहे. तो गोल असेल तर हो. सपाट असेल तर हसतेय. पण ही तिसरी वेळ होती."

"मग हसली तर?" सिन-यीने विचारलं.

"तर मोठा तो मोठा."

"फ्रिज सरकवा," ती म्हणाली.

फ्रिज सरकणार नव्हता. त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून नऊ खोकी होती, आणि हादरा बसला तर ठोकळा उलटेल असं बाबांचं म्हणणं. हात न लावता, आहे तसा बघायचा. ज्याने कौल लावला त्याने स्वतः बघायचा नाही. बाबांचे गुडघे वाकत नव्हते. होक-लुनचं पोट बोळकांडीत मावत नव्हतं. सिन-यी म्हणाली, तिच्या धर्मात अशा गोष्टी बघत नाहीत, नाहीतर तिने आनंदाने बघितलं असतं.

उरला होक-मिंग. तीस वर्षं लिफ्टखाली झोपून काम केलेला माणूस. तो जमिनीवर आडवा झाला, खांदे तिरके करून आत सरकला आणि गाल फरशीला टेकवून त्याने मोबाइलचा उजेड फ्रिजखाली पाडला.

"दिसतोय?" बाबांनी विचारलं.

"दिसतोय."

"काय?"

फरशीवर होक-मिंगचे फक्त पाय दिसत होते. डाव्या मोज्याला भोक होतं.

"गोल बाजू वर आहे," तो म्हणाला. "हो म्हणतेय."

आणि कुणी काही म्हणायच्या आत त्याने हात घालून ठोकळा बाहेर काढला, मुठीत धरला आणि खिशात टाकला.

"नक्की?" बाबा म्हणाले.

"मला डोळे आहेत, बाबा."

पुई-सानला ते डोळे पाठ होते. गेली बारा वर्षं त्यांचा नंबर तीच काढत होती. दोन्ही उणे साडेसहा. वीतभराच्या पुढे होक-मिंगला सगळं धुकं, आणि फ्रिजच्या तळाची मागची भिंत हातभर लांब होती. तिने फडताळाकडे पाहिलं. सॉसने लाल झालेला त्याचा चष्मा आईच्या फोटोपुढे होता, घडी न घातलेला, ती आत्ताच वाचता वाचता उठून गेल्यासारखा. बशी ठेवताना तो तिथेच विसरला होता.

तिने तो उचलला, ब्लाउजच्या टोकाने दोन्ही काचा पुसल्या आणि भावाच्या हातात दिला.

"कुठे होता?" होक-मिंगने विचारलं.

"आईकडे."

त्याने चष्मा लावला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आता तरी नीट दिसत होतं. "काकांकडच्यांना मी सांगेन," तो म्हणाला. "म्हणजे, आईनेच सांगितलं असं. तुझ्या घरी भिंतीला खिळा कोण मारणार? तुला जमायचं नाही. रविवारी येतो."

"संडासाचा पडदा पण सरळ कर."

"कसला पडदा?"

स्वयंपाकघरात चूल पेटल्याचा आवाज आला. बाबा आत होते. त्यांनी तिच्या पातेल्यात उरलेलं मांस, मूठभरच होतं ते, पिठात घोळवून झटकलं. तेल तापवलं. एकदा तळलं, काढलं, थांबले, आच वाढवली, पुन्हा तळलं. मागे-पुढे करत नव्हते. बत्तीस वर्षांत हजारदा केलं असेल तसं, न बघता. कढई उडवताना त्यांचा एकही नेम चुकला नाही.

बशी घेऊन ते आडवे चालत बाहेर आले. फडताळापाशी क्षणभर थांबले, आईच्या चार मऊ तुकड्यांकडे आणि हातातल्या वाफाळत्या बशीकडे आळीपाळीने बघितलं. मग बशी त्यांनी पुई-सानसमोर खोक्यावर ठेवली.

"तू जेवली नाहीस," ते म्हणाले. "मघापासून वाढतेयस."

हे खरं होतं. तिच्या लक्षातच आलं नव्हतं. तिने काड्या उचलल्या, आणि सवयीने मान वर करून सुरुवात केली, "बाबा, जेवा. दादा—"

"हाका मारत बसू नकोस," बाबा म्हणाले. "मऊ पडतं."